आधी शेरा, मग गुण : रोज एक अनोळखी अल्बम ऐकायचा तर

रोज एक नवा अल्बम ऐकून त्याला गुण द्यायचे, हा उद्योग सुरू करणारे पुष्कळ भेटतात. दोन आठवड्यांत सोडून देणारेही तितकेच भेटतात. का सोडलं विचारलं की सांगतात, वेळ मिळत नाही. मला ते पटत नाही. त्यांची वही मागून पाहा, खरं कारण तिथे सापडतं : ७, ७, ८, ७, साडेसात, ७. असले आकडे लिहून कुणालाही कंटाळा येईल. म्हणून इथे ऐकण्याबद्दल थोडं आणि गुणांबद्दल बरंच लिहिलंय. हेडफोन कुठले घ्यावेत हे मला विचारू नका. घरात आहेत ते चालतात.

यादी

महिन्याभराचे अल्बम एकाच बैठकीत ठरवा, चिठ्ठ्या करा, रोज एक उचला. नावडती चिठ्ठी परत टाकायची नाही. 'आज काय ऐकू?' हा प्रश्न रोज पडू दिलात तर अर्धा तास त्यातच जातो आणि शेवटी जुनंच काहीतरी लागतं.

'जगातले सर्वश्रेष्ठ शंभर' छापाच्या यादीवर अख्खा महिना काढू नका. त्या बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतल्या रॉकभोवतीच घुटमळतात. त्यापेक्षा वादकांचा माग काढा. राय कूडर या अमेरिकन गिटारवादकाचं नाव धरलं, तर 'अ मीटिंग बाय द रिव्हर'मध्ये तो आपल्या विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेबरोबर वाजवतो, 'टॉकिंग टिंबक्टू'मध्ये (१९९४) मालीच्या अली फार्का तूरेबरोबर, आणि 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब'मध्ये (१९९७) क्यूबातल्या हवानाच्या म्हाताऱ्या गवयांबरोबर. एका नावात तीन देश झाले. 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) हा जॅझमधला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा, पण पियानोवर बिल एव्हान्स आहे आणि सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली. त्या तिघांचे स्वतःचे अल्बम पुढच्या चिठ्ठ्यांत घाला.

लांबीही बघा. एलपी, म्हणजे मोठी तबकडी, १९४८ साली आली आणि तिच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं मावत, म्हणून त्या काळातले अल्बम पस्तीस-चाळीस मिनिटांत आटपतात. ठाण्याहून फास्ट लोकलने सीएसएमटीला पोचेपर्यंत एक होतो. सीडी आल्यावर चौऱ्याहत्तर मिनिटांची सोय झाली, आणि बऱ्याच जणांनी ती भरून काढणं हे कर्तव्यच मानलं. असले लांबलचक अल्बम रविवारसाठी ठेवा.

आवृत्ती

मूळ अल्बम शोधा. ॲपवर जी आवृत्ती आधी दिसते ती बऱ्याचदा 'डिलक्स' असते आणि तिच्या शेपटाला कच्चे टेक आणि मैफिलीतली गाणी जोडलेली असतात. 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये मुळात पाच तुकडे आहेत. सहावा दिसला तर तो नंतर जोडलेला आहे. नायजेरियाच्या फेला कुटीच्या 'झॉम्बी'च्या मूळ एलपीत दोनच गाणी होती, एका बाजूला एक. नंतरच्या प्रतींत आणखी भरली गेली. गुण द्यायचे ते त्या दोन गाण्यांना.

सेटिंग

शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणं) बंद, क्रॉसफेड (एका गाण्याचा शेवट पुढच्या गाण्यात मिसळणं) बंद, अल्बम संपल्यावर आपोआप पुढचं काही वाजवणारी सोय बंद. आवाजाची पातळी सारखी ठेवणारी सोय मात्र चालू ठेवा, कारण जरा मोठ्याने वाजलेलं कानाला उगाचच बरं वाटतं आणि त्याचे गुण भलत्याच अल्बमला जातात. अल्बमवर शफलचंच बटण पुढे करण्याची स्पॉटिफायची रीत गायिका अडेलच्या आग्रहावरून २०२१ साली बदलली, पण पैसे भरणाऱ्यांसाठी. फुकट ऐकत असाल तर क्रम खरंच मूळचा आहे ना, हे पाहून घ्या.

ऐकणं

'डोळे मिटून, अंधारात, काहीही न करता ऐका' हा सल्ला ज्यांना रोज ऐकायचं नसतं त्यांनी दिलेला आहे. हातांना काम असलं तर चालतं : भांडी, इस्त्री, भाजी निवडणं, चालणं. शब्दांचं काम चालत नाही. मेल, व्हॉट्सॲप, मुलाचा अभ्यास घेणं, यांतलं काही सुरू असेल तर अल्बम वाजला एवढंच म्हणता येईल. लोकलमध्ये रॉक, हिपहॉप, फंक खुशाल ऐका. एकट्या गिटारचं, आलापीचं किंवा हळू वाजणारं काही घरासाठी राखा, नाहीतर त्याचा अर्धा भाग चाकांच्या आवाजाखाली जाईल.

आधी परीक्षण वाचायचं नाही. गाण्याचे शब्दही उघडायचे नाहीत. गाणं पुढे ढकलायचं नाही. हे तीन नियम पाळले की ऐकण्याची पायरी संपली.

शेरा आणि गुण

आता खरं काम. या पायरीने मला इतकं छळलंय की त्याबद्दल मी कुणाशीही भांडायला तयार असते.

दहापैकी गुण देऊ नका. दहाची पट्टी दिसायला मोठी असते, वापरात मात्र सहा ते आठ एवढीच येते. पाच दिले की नापास केल्यासारखं वाटतं आणि नऊ द्यायची भीती वाटते, मग सगळं सातवर येऊन बसतं. दशांश तर नकोतच. अमेरिकेतल्या पिचफोर्क या संगीत-परीक्षणाच्या संकेतस्थळावर ७.८ आणि ८.१ असे गुण देतात, रॉबर्ट क्रिस्टगाउ या समीक्षकाने १९६९ पासून शाळेसारख्या अक्षरी श्रेणी दिल्या. पण ही पोटापाण्यासाठी ऐकणारी माणसं. तुम्ही एकदा ऐकणार, तेही इस्त्री करताना. तेवढ्यावर ७.८ आणि ८.१ यांतला फरक सांगता येतो असं कुणी म्हणालं तर हसा.

पाचाची पट्टी घ्या आणि प्रत्येक आकड्याला पुढची कृती बांधा. एक म्हणजे अर्ध्यात बंद करावंसं वाटलं. दोन म्हणजे पूर्ण ऐकला, विषय संपला. तीन म्हणजे आपणहून लावणार नाही, पण दुसऱ्या कुणी लावला तर उठून जाणार नाही. चार म्हणजे या महिन्यात पुन्हा लावणार. पाच म्हणजे आजच कुणाला तरी फोन करून सांगणार. अर्धा गुण नाही. साडेतीन लिहावेसे वाटले तर स्वतःला विचारा, पुन्हा लावणार की नाही? उत्तर हो किंवा नाही असंच येतं.

कृती बांधून घेतली की एक मोठी अडचण आपोआप सुटते, ती म्हणजे मोठ्या नावांचा धाक. कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' (१९६५) समोर आला की हात आपोआप पाचकडे जातो, कारण तो थोर आहे असं सगळे सांगतात. असेल. प्रश्न एवढाच आहे की तुम्ही फोन करणार आहात का? आपल्याकडे हा धाक आणखी घट्ट बसलेला असतो. प्रभा अत्र्यांची मारू बिहाग आणि कलावतीची रेकॉर्ड आजवर न ऐकलेला पंचविशीतला मुलगा चिठ्ठी उघडतो आणि म्हणतो, त्यांना गुण देणारा मी कोण? अरे बाबा, त्यांना कोण देतंय! तुझ्या त्या चाळीस मिनिटांना दे. तीन लिहिलेस तर त्यांचं काही बिघडत नाही. खोटे पाच लिहिलेस तर वहीतले सगळेच पाच बिघडतात.

प्रत्येक गाण्याला गुण देऊन सरासरी काढायची, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मला त्याचा सर्वांत जास्त राग येतो. पुरणपोळीच्या गुळाला, डाळीला आणि कणकेला वेगवेगळे गुण देऊन भागाकार करण्यासारखं ते आहे. 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) घ्या : शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस सकाळच्या अहिर भैरवपासून पुढे सरकतो आणि पहाडीत संपतो. त्यातला पिलू राग सुटा काढून त्याला साडेतीन दिले, तर नेमकं काय मोजलंत? शिवाय सरासरीत नेहमी बेताचे अल्बम जिंकतात. दहाही गाणी बरी असलेला वर जातो. सहा गाणी फसलेली पण चार अशी की त्यांच्यासाठी तुम्ही तो पुन्हा लावाल, असा अल्बम खाली राहतो.

आता शेरा. आकडा लिहिण्याआधी एक-दोन वाक्यं लिहायचीच, आणि त्यांत 'छान', 'अप्रतिम', 'भारी', 'वेगळं' आणि 'सुंदर' हे शब्द वापरायचे नाहीत. हे पाच शब्द काढून घेतले की बहुतेकांना लिहिता येत नाही, आणि तिथूनच कान उघडायला लागतो. शेऱ्यात ऐकलेली एक तरी ठोस गोष्ट हवी. निक ड्रेक या इंग्रज गायकाच्या 'पिंक मून'बद्दल (१९७२) 'उदास, शांत अल्बम' असं कुणीही न ऐकता लिहील. 'एक गिटार, एक आवाज, आणि फक्त पहिल्याच गाण्यात थोडा पियानो; पुढे मी त्या पियानोची वाट पाहत राहिले' हे ऐकलेल्या माणसाचं वाक्य झालं. 'झॉम्बी'चा शेरा 'जोशपूर्ण आफ्रिकन संगीत' असा लिहिलात तर वही बंद करा. 'बारा मिनिटांच्या गाण्यात गायकाआधी बराच वेळ नुसता वाद्यमेळ चालतो, आणि मला त्याची घाई झाली नाही' असं चालेल. संगीताचं शास्त्र यायला हवं असं नाही. काय ऐकू आलं आणि त्या क्षणी तुम्ही काय केलंत, एवढं पुरतं.

शेरा अल्बम संपल्यावर लगेच, पण आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी. दोन्ही एकाच वेळी लिहिलेत तर शेवटचं गाणं निकाल लावतं. शेवटी जोरकस गाणं ठेवलेला अल्बम उगाच एक गुण वर जातो, आणि रात्री डुलकी लागली असेल तर दोष अल्बमच्या माथी बसतो. सकाळी शेरा वाचायचा आणि बघायचं, त्यातलं काही कानात परत येतं का? आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवरची गायिका सेझारिया एव्होरा हिचा 'मिस पर्फ्युमादो' (१९९२) ऐकलात तर भाषेचा एक शब्द कळणार नाही, पण त्यातल्या 'सोदादे' गाण्याची चाल दात घासताना ओठांवर आली तर निर्णय झालेला आहे. चाल आठवलीच पाहिजे असंही नाही. एखादा ठेका, ढोलाचा एखादा ठोका, कुणाचा तरी खरखरीत आवाज आठवला तरी पुरे.

काही अल्बम मात्र आठवण्यासाठी बनवलेलेच नसतात. ब्रायन ईनोच्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'मध्ये (१९७८) चार लांब तुकडे आहेत, आणि लक्ष दिलं तरी चालेल, नाही दिलं तरी चालेल अशाच बेताने ते रचलेले आहेत. त्याला 'लक्ष खिळलं नाही' म्हणून एक देणं म्हणजे पंख्याला वारा घालतो म्हणून नापास करणं. इथेही कृतीचाच प्रश्न कामाला येतो : रात्री वाचत बसताना पुन्हा लावाल का?

एक गोष्ट आधीपासून मनात धरा. अनोळखी अल्बमची तुलना तुमच्या कॉलेजातल्या लाडक्या अल्बमशी केलीत तर तो हरणारच. एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती जास्त आवडायला लागते, हे रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रयोगांनी दाखवलं. तुमच्या लाडक्या अल्बमला वीस वर्षांची ही फुकटची मदत मिळालेली आहे. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर मापासाठी अल्बम लिहायचे ते तीनच्या पातळीचे. तीन-चार वेगवेगळ्या प्रकारचे, तुम्हाला माहीत असलेले, ज्यांचा राग नाही आणि ओढही नाही असे. आकडा लिहिताना शंका आली की त्यांच्याकडे बघा : याच्या वर की खाली? पाचच्या मापाला कॉलेजचा अल्बम ठेवलात तर वर्षभर कुणालाही पाच मिळणार नाहीत.

'तीनदा ऐकल्याशिवाय मत देऊ नये' असं बजावणारेही भेटतील. तत्त्व म्हणून ठीक, पण रोज तीनदा कोण ऐकणार? तुमचा आकडा हा पहिल्या भेटीचा आकडा आहे, तो तसाच राहू द्या. पुढे मत बदललं तर जुना खोडू नका. शेजारी नवा लिहा, तारीख घाला. दोनचे चार झालेले अल्बम वहीत दिसायला लागले की कुठल्या प्रकारच्या संगीताला तुम्हाला दुसरी संधी द्यावी लागते तेही कळतं, आणि पुढच्या महिन्याची यादी त्यावरूनच करायची.

बाकीचं

ज्या रविवारी लांब अल्बम नसेल त्या रविवारी नवा ऐकू नका. आठवड्यातला चार किंवा पाचवाला पुन्हा लावा. लावावासा वाटला नाही तर तो चार नव्हता, शेजारी तीन लिहा.

एक मिळालेले सलग चार-पाच आले तर दोष अल्बमचा नाही, यादीचा आहे, चिठ्ठ्या बदला.

दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन ऐकून भरपाई करू नका. दुसऱ्याचा शेरा हमखास पहिल्याच्या तुलनेत लिहिला जातो आणि दोन्ही वाया जातात. चुकलेल्या तारखेपुढे रेघ मारा आणि पुढची चिठ्ठी उचला.