लेमन बार बिघडतात कुठे? मुंबईच्या स्वयंपाकघरात या चुका टाळा

लेमन बार म्हणजे खाली बिस्किटासारखा थर आणि वर लिंबू-अंड्याचा मऊ थर भाजून कापलेले चौकोनी तुकडे. पहिल्या खेपेला केलेले सासूबाईंनी चमच्याने हलवून बघितले आणि म्हणाल्या, "अगं, वरून खरवस आणि खालून शिरा, हे नक्की आहे तरी काय?" मी म्हटलं, "आई, खालचं बिस्किटासारखं व्हायला हवं होतं." त्यांनी अजून एक चमचा घेतला, पण उत्तर काही दिलं नाही.

रेसिपीत चूक नव्हती. ती लिहिली होती जाड सालीच्या पिवळ्या लिंबासाठी, मोठ्या ओव्हनसाठी आणि कोरड्या, थंड हवेसाठी. माझ्याकडे होतं कागदी लिंबू, ओट्याच्या कोपऱ्यात बसवलेला ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, आणि जुलै महिना. त्यानंतर बऱ्याच खेपा झाल्या. बहुतेक चुका या तीन गोष्टींतूनच निघतात.

माझं प्रमाण आधी सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. ८ इंची चौकोनी ट्रेसाठी खालच्या थराला १५० ग्रॅम मैदा, ११५ ग्रॅम बटर, ५० ग्रॅम पिठीसाखर. वरच्या थराला ३ अंडी, २०० ग्रॅम साखर, २० ग्रॅम मैदा आणि ९० मिली लिंबाचा रस.

लिंबू आपलं, माप त्यांचं

"३ लिंबांचा रस" असं वाचून आपण तीन कागदी लिंबं पिळली, तर हाती येतो जेमतेम ३०-४० मिली. पिवळं परदेशी लिंबू यापेक्षा दुप्पट-तिप्पट रस देतं. म्हणून लिंबं मोजू नका, रस मोजा. ९० मिलीला मध्यम आकाराची सात-आठ कागदी लिंबं लागतात, आणि उन्हाळ्यात रस कमी निघाला तर दहाही. बाजारात पातळ सालीचं, पिवळसर झालेलं, हातात जड लागणारं लिंबू निवडा. कडक हिरव्यात रस कमी असतो. फ्रिजमधून काढलेलं लिंबू थेट पिळू नका. ते बाहेर येऊ द्या आणि तळहाताखाली ओट्यावर दाबून फिरवा.

खरी फसगत सालीची. पिवळ्या लिंबाची साल जाड, त्यामुळे रंगीत भाग किसला तरी पांढऱ्या थरापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. कागदी लिंबाच्या नावातच सगळं आलं. किसणीवरून दोन वेळा जास्त फिरवलं की पांढरा भाग येतो आणि त्याबरोबर कडवटपणा. एका जागी एकदाच, हलक्या हाताने किसायचं आणि लिंबू फिरवायचं. दोन लिंबांची साल पुरे. ती साखरेत टाकून बोटांनी चोळा. साखर ओलसर होते आणि तिचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत जातो. दाबयंत्रात लिंबू सालीसकट चेचलं तरी कडवटपणा उतरतो, त्यामुळे शेवटचा थेंब काढायचा हट्ट सोडा.

मोसंबीचे बार करून बघायचा मोह होतो, विशेषतः घरात डझनभर पडून असली की. मोसंबीचा रस काढून ठेवला की थोड्या वेळात कडू होतो, हे रसवाल्याकडे उभं राहून पिणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. शिवाय त्यात आंबटपणा फार कमी. नागपुरी संत्र्याचे मात्र छान होतात, पण नुसत्या संत्र्याचे केले तर चव गोड पाण्यासारखी लागते. ६० मिली संत्र्याच्या रसात ३० मिली लिंबू घाला आणि साखर १५० ग्रॅमवर आणा.

रंगाचं एक. आपल्या लिंबाचा रस फिकट, बहुतेक अंड्यांचा बलकही फिकट. त्यामुळे बार साय घातल्यासारखे पांढरट पिवळे दिसतात. ही चूक नाही. फोटोतला रंग हवाच असेल तर अगदी चिमटीच्या टोकावर मावेल इतकी हळद घाला. चवीला कळत नाही.

ट्रे कळकतो

ही माझी सगळ्यात महागडी चूक. क्रॉफर्ड मार्केटमधून स्वस्तातला साधा अॅल्युमिनियमचा ट्रे आणला होता. बार सुंदर झाले, रात्रभर त्यातच ठेवले. सकाळी कडेने राखाडी डाग आणि जिभेवर नाणं चाटल्यासारखी चव. आईला फोन केला तर तिने दोन शब्दांत निकाल लावला: "कळकलं ते." कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवायचं नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं, अॅल्युमिनियमलाही तोच नियम, हे डोक्यातच आलं नव्हतं. आंबट रस उघड्या अॅल्युमिनियमवर चढतो. काचेचा ट्रे किंवा आतून लेप दिलेला ट्रे वापरा. साधाच असेल तर आत चारही बाजूंनी वरपर्यंत येईल असा बेकिंगचा कागद घाला. पोळ्या गुंडाळायला मिळतो तो पातळ बटर पेपर नको. तो ओलसर मिश्रणाला चिकटतो आणि बारबरोबर सोलून खावा लागतो.

खालचा थर: मूठ वळली पाहिजे

शंकरपाळ्यांना मोहन घालतो तेव्हा पिठाची मूठ वळते का ते बघतो, इथेही तेच बघायचं. फरक इतकाच की मोहन गरम असतं आणि इथे बटर थंडगार हवं. मुंबईत बटर ओट्यावर दहा मिनिटं ठेवलं की लोणी होतं, मग मैदा ते पिऊन टाकतो आणि थर खुसखुशीत न होता कडक होतो. मैद्याचं भांडंच अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, बटरचे तुकडे बोटांच्या टोकांनी पटापट चोळा. तळहात गरम असतो, तो लावू नका. पाणी घालायचं नाही. खारवलेलं बटर असेल तर वेगळं मीठ नको.

ट्रेमध्ये पसरून वाटीच्या बुडाने सारखं दाबा, विशेषतः कोपरे. काट्याने भोकं पाडायची सवय असेल तर इथे आवरा, नाहीतर वरचं पातळ मिश्रण त्यातूनच खाली झिरपतं. चमचाभर कच्चं पीठ बाजूला ठेवा. भाजल्यावर भेग दिसली तर त्याने बुजवता येते.

शिरा झाला होता तो का? थर फिकट असतानाच मी वरचं ओतलं होतं. १८० अंशांवर साधारण २० मिनिटं, कडा नानकटाईच्या रंगाच्या होईपर्यंत भाजायचं आणि थर गरम असतानाच मिश्रण ओतायचं. म्हणजे खालची बाजू लगेच धरते आणि दोन थर एकमेकांपासून सुटत नाहीत.

ओटीजीच्या बटणावर विश्वास ठेवू नका. माझा २० अंश जास्त तापतो, हे आतला तापमापक आणल्यावर कळलं. तापमापक काही महाग नाही.

खरवसासारखं थरथरलं की बाहेर

अंडी आणि साखर एकत्र करताना जोरात फेटू नका. फेस वर येतो आणि भाजल्यावर पापडासारखा पांढरा पापुद्रा धरतो. नुसतं ढवळा, रस शेवटी घाला, गाळणीतून गाळा. अंड्यावर साखर टाकून फोन घ्यायला जाऊ नका; बलकाच्या गुठळ्या होतात.

नंतर तापमान १६० वर आणा आणि ट्रे खालच्या बाजूला सरकवा, कारण ओटीजीचा वरचा रॉड अगदी डोक्यावर असतो. १८ मिनिटांनी ट्रे हळूच हलवून बघा. कडा घट्ट आणि मधला तळहाताएवढा भाग खरवसासारखा थरथरत असेल तर झालं. पाण्यासारखी लाट आली तर अजून तीन-चार मिनिटं द्या. सगळं गच्च होईपर्यंत थांबलात तर वेळ गेली. अंडं जास्त तापलं की आवळून पाणी सोडतं, बारीक छिद्रं पडतात आणि तोच तो अंड्याचा वास येतो ज्याच्यासाठी लोक व्हॅनिला ओततात. वास व्हॅनिलाने जात नाही.

श्रावणात अंडं नको असेल तर ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कमध्ये १०० मिली लिंबाचा रस ढवळा. आंबटपणाने दूध आपोआप घट्ट होतं, मग १६० वर १२ मिनिटं पुरतात. कॉर्नफ्लोअरवाली रीत असेल तर कॉर्नफ्लोअर, पाणी आणि साखर आधी शिजवून घट्ट करा, गॅस बंद करून मग रस घाला. रस घालून उकळत राहिलात तर घट्ट झालेलं पुन्हा पातळ होतं.

घाई आणि दमट हवा

तासभर खोलीत, मग तीन-चार तास फ्रिजमध्ये. कोमट असताना झाकण लावलं की वाफेचे थेंब पडून वरचा थर चिकट होतो. गार झाल्यावर मात्र झाकाच. बटर शेजारचा वास ओढून घेतं आणि आमच्या फ्रिजमध्ये शेजारी सोडे असतात. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापा, प्रत्येक कापाला पुन्हा.

पिठीसाखर पाहुणे बसल्यावरच भुरभुरवा. जुलैत ती बघता बघता विरघळते. घरी दळत असाल तर पाव कप साखरेला एक चमचा कॉर्नफ्लोअर घाला, जरा जास्त टिकते.

आणि बिघडलेच तर? मध्ये कच्चे राहिले असतील तर त्याच दिवशी १५० वर आठ-दहा मिनिटं परत ठेवा. खालचा थर मऊ राहिला तर ग्लासात चमच्याने भरा, वर बिस्किटाचा चुरा टाका आणि पुडिंग म्हणून द्या. कळकलेल्या बारना उपाय नाही, ते टाकून द्या.