गिटमधला मर्ज कॉन्फ्लिक्ट कसा सोडवावा

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, टाकून घ्या, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'गिट इनिट' मारा, मग 'ॲड' (नोंदवायचे बदल निवडणं) आणि 'कमिट' (त्यांची नोंद पक्की करणं). अर्ध्या तासात हात बसतो. ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी शाखा, काढणंही तितकंच सोपं. कमांडचे लांबलचक तक्ते पाठ करायला सांगतात, ते सोडून द्या. रोज सात-आठच लागतात. कमिट लहान ठेवा आणि मेसेजमध्ये नुसतं 'चेंजेस' लिहू नका, आठवड्याने तुम्हालाच उलगडणार नाही.

गाडी अडते ती मर्जला, म्हणजे दोन ब्रँचमधले बदल एकत्र करताना. एकाच ओळीत दोघांनी दोन वेगळे बदल केले की गिट हात वर करतं आणि फाइलमध्ये खुणा ठेवतं: 'पेक्षा लहान'ची सात चिन्हं, खाली तुमचा मजकूर, मग 'बरोबर'ची सात चिन्हं, त्याखाली समोरून आलेला मजकूर आणि शेवटी 'पेक्षा मोठं'ची सात चिन्हं. हे पाहून लोक सल्ला देतात, 'फोल्डर उडव, परत क्लोन कर', म्हणजे सर्व्हरवरून नवी प्रत उतरव. अजिबात ऐकू नका, कमिट न केलेलं काम त्यातच जातं. गोंधळ वाटला तर 'गिट मर्ज --अबॉर्ट' मारा, मर्जच्या आधी होतात तिथे परत याल. मात्र मर्ज सुरू करण्याआधी हातातलं काम कमिट केलेलं हवं.

दुसरा वाईट सल्ला म्हणजे एडिटरमधलं 'माझं ठेवा'चं बटण. मी ते दाबलंय. बिलाची बेरीज काढणारी एकच ओळ होती. मी तिथे रक्कम पूर्ण रुपयात आणली होती, सहकाऱ्याने कराचा दर बदलला होता. माझी ओळ राहिली, त्याचा दर गेला. कुठे एरर नाही, काही नाही. दोन दिवस बिलं जुन्या दराने छापली गेली. बहुतेक वेळा दोन्ही बदल हवे असतात, म्हणजे तिसरीच ओळ आपल्या हाताने लिहावी लागते.

त्यासाठी मूळ ओळ काय होती ते दिसायला हवं. 'गिट कॉन्फिग --ग्लोबल मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल डिफ३' एकदाच मारून ठेवा. दोन बाजूंच्या मध्ये मूळ मजकूरही येतो. कुणी काय बदललं ते तेव्हा कुठे कळतं. तरीही उमगलं नाही तर ज्याची ओळ आहे त्याला फोन करा, अंदाज बांधू नका.

रीबेसमध्ये, म्हणजे आपले कमिट दुसऱ्या ब्रँचच्या टोकावर पुन्हा लावताना, बाजू उलटतात हेही लक्षात ठेवा: तिथे तुमचं काम खाली असतं. मी यात दोनदा फसलोय.

खुणा काढल्या की 'गिट डिफ --चेक' मारा, एखादी राहिली असेल तर ते दाखवतं; 'ॲड' मात्र खुणांसकट फाइल मुकाट्याने घेतं. मग प्रोग्रॅम चालवून बघा, आणि त्यानंतरच कमिट.