उसाच्या चिपाडापासून इंधन घटासाठी उत्प्रेरक

इंधन घट म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यापासून वीज बनवणारे उपकरण. त्यात हायड्रोजनच्या बाजूची अभिक्रिया झटकन होते. घोडे अडते ते ऑक्सिजनपाशी. ऑक्सिजनच्या प्रत्येक रेणूला चार इलेक्ट्रॉन स्वीकारायला लावण्यासाठी उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, म्हणून सहसा प्लॅटिनम वापरतात आणि घटाची किंमत तिथेच चढते. लोह आणि नायट्रोजन सामावलेला सच्छिद्र कार्बन हा त्याला एक पर्याय असून, तो रसवंतीगृहामागे साचणाऱ्या चिपाडापासूनही तयार करता येतो. ही कृती नळीची भट्टी, नायट्रोजनचे सिलिंडर आणि फ्यूम हूड (विषारी वायू बाहेर खेचणारे बंदिस्त कपाट) असलेल्या प्रयोगशाळेसाठीच आहे; घरी करून पाहण्याजोगी नाही.

चिपाड गरम पाण्याने अनेकदा धुवावे, कारण उरलेली साखर तापल्यावर वितळून फेसाळते आणि भुकटीची ढेकळे होतात. ११० अंश सेल्सिअसला रात्रभर वाळवून ते दळावे व चाळून घ्यावे. भट्टी पेटवण्यापूर्वी नळीतून अर्धा तास नायट्रोजन सोडावा, मग मिनिटाला ५ अंश या वेगाने ५०० अंशांपर्यंत नेऊन दोन तास ठेवावे. बाहेर काढलेल्या कोळशाच्या कडेला राखाडी-पांढरी किनार दिसली, तर नळीत कुठून तरी हवा शिरली आहे असे समजावे आणि पुढे जाण्याआधी सांधे तपासावेत.

यानंतरचा, कोळशात बारीक छिद्रे पाडण्याचा टप्पा सर्वांत नाजूक आहे. १ ग्रॅम कोळशात २ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड खलून ते मिश्रण निकेलच्या मुशीत, नायट्रोजनच्या प्रवाहात ७०० अंशांना एक तास तापवावे. हा क्षार क्वार्ट्झ आणि ॲल्युमिना दोन्ही खातो, म्हणून त्यांची भांडी वापरू नयेत. या अभिक्रियेत धातुरूप पोटॅशियम तयार होऊ शकते आणि पाणी लागताच ते पेट घेते. त्यामुळे भट्टी पूर्ण निवेपर्यंत नायट्रोजन बंद करू नये. त्यानंतर आधी पाण्याच्या वाफेने ओलावलेला नायट्रोजन बराच वेळ सोडावा आणि मगच संरक्षक काचेआडून, थेंबाथेंबाने पाणी घालावे. धुताना पाणी आधी आणि १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल नंतर, हा क्रम उलटू नये: उसातील सिलिका आता विद्राव्य सिलिकेट झालेली असते, आणि थेट आम्ल ओतल्यास तिचा जेल होऊन ती छिद्रांतच अडकते.

वाळलेल्या २०० मिलिग्रॅम कार्बनसाठी ६ ते ७ मिलिग्रॅम फेरस ॲसिटेट पुरते. ते २५ मिलिग्रॅम फेनँथ्रोलिनसह (लोहाला धरून ठेवणारे नायट्रोजनयुक्त संयुग) इथेनॉलमध्ये विरघळवावे; द्रावण गडद लाल झाले म्हणजे लोह नायट्रोजनशी बांधले गेले. त्यात कार्बन आणि नायट्रोजन पुरवणारे १ ग्रॅम मेलामाइन मिसळून इथेनॉल उडवून टाकावे व नायट्रोजनमध्ये ९०० अंशांना एक तास तापवावे. या वेळी अमोनियाबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघू शकतो, म्हणून निघणारा वायू अल्कलीच्या द्रावणातून नेऊन फ्यूम हूडमध्येच सोडावा. लोह वाढवण्याचा मोह टाळावा. जादा लोहाचे अणू सुटे न राहता त्यांचे गोळे बनतात. थोडेफार गोळे तरीही होतातच. ते काढण्यासाठी भुकटी अर्ध्या मोलर सल्फ्युरिक आम्लात ८० अंशांना आठ तास ठेवावी, धुऊन वाळवावी आणि पुन्हा तासभर ९०० अंशांना तापवावी.

चाचणीसाठी ५ मिलिग्रॅम उत्प्रेरक, ५ टक्के नॅफिऑनचे (भुकटी इलेक्ट्रोडला चिकटवून ठेवणारे पॉलिमर) ५० मायक्रोलिटर द्रावण आणि ९५० मायक्रोलिटर पाणी-आयसोप्रोपेनॉल यांची शाई करावी. ५ मिलिमीटर व्यासाच्या ग्लासी कार्बन इलेक्ट्रोडवर तिचे २० मायक्रोलिटर टाकले की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अर्धा मिलिग्रॅम थर बसतो. ऑक्सिजनने संपृक्त केलेल्या ०.१ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, इलेक्ट्रोड मिनिटाला १,६०० फेऱ्यांनी फिरवत, विद्युतदाब बदलला की प्रवाह कसा बदलतो याचा वक्र घ्यावा आणि नायट्रोजनमध्ये घेतलेला वक्र त्यातून वजा करावा. चार इलेक्ट्रॉनांची अभिक्रिया होत असल्यास मर्यादा-प्रवाह (विद्युतदाब आणखी बदलूनही न वाढणारा प्रवाह) दर चौरस सेंटिमीटरला साडेपाच ते सहा मिलिॲम्पिअरच्या आसपास स्थिरावतो. सहायक इलेक्ट्रोड, म्हणजे मंडल पूर्ण करणारा दुसरा इलेक्ट्रोड, मात्र ग्रॅफाइटचा हवा. प्लॅटिनमची तार लावली, तर तिचे कण विरघळून आपल्याच नमुन्यावर बसतात आणि ज्याला पर्याय शोधायचा त्याचेच गुण मोजले जातात.

लोह न घातलेला आणि लोह-नायट्रोजन दोन्ही न घातलेला, असे दोन नमुने सोबत मोजावेत. ही सर्व मापे अल्कलीतील आहेत. घटाच्या दोन बाजूंमधले आयन वाहणारे पटल आम्लधर्मी असेल, तर उत्प्रेरकातून सुटलेले लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी मिळून ते पटल कुरतडणारे मूलक (अतिशय क्रियाशील कण) तयार करते, म्हणून या उत्प्रेरकाची पहिली जोडणी अल्कली पटलाच्या घटातच करावी.