सारस, रोवणी, बांधी : फोटोंचे कीवर्ड कसे रचावेत

फोटो सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कीवर्ड, म्हणजे फोटो शोधण्यासाठी त्याला जोडलेले शब्द, लावायला शिकणारी मुले-मुली सर्वांत आधी विचारतात की एका फोटोला किती कीवर्ड लावायचे. माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. आधी ठरवायचे असते ते हे, की हा फोटो पुढे कोण मागणार आहे आणि मागताना कोणता शब्द वापरणार आहे. गोंदिया जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी धानाची शेती, तलाव-बोड्यांवरचे (बोडी म्हणजे लहान तळे) पक्षी आणि पूर्व विदर्भातील झाडीपट्टीची नाटके यांचे फोटो काढते आणि सांभाळते. ते मागणाऱ्यांमध्ये वृत्तपत्राचे उपसंपादक असतात, पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे असतात, कृषीचे विद्यार्थी असतात, आणि आपल्या वडिलांचा रंगमंचावरचा फोटो हवा असलेली माणसेही असतात. या प्रत्येकाला आपला फोटो मिनिटभरात मिळाला पाहिजे, इतकेच या कामाचे उद्दिष्ट आहे. पण ते साधायचे तर पहिला फोटो हाती घेण्यापूर्वीच बराच विचार करावा लागतो.

एकच फोटो घेऊन पाहू. आषाढातील बांधी (बांध घातलेले धानाचे शेत) आहे, धुऱ्यावर म्हणजे बांधावर पऱ्ह्यांच्या (धानाच्या रोपांच्या) जुड्या ठेवल्या आहेत, बाया ओणव्या होऊन रोवणी म्हणजे लावणी करत आहेत आणि मागच्या बांधीत सारस पक्ष्यांची जोडी उभी आहे. नवखा माणूस याला शेत, पाऊस, हिरवा, पक्षी, निसर्ग, सुंदर असे शब्द लावतो. यातला ‘सुंदर’ कोणी शोधत नाही, आणि ‘हिरवा’ शोधले तर निम्मा संग्रह समोर येतो. मी या फोटोला सारस, धान, रोवणी, बांधी, पऱ्हे आणि शेतमजूर महिला एवढेच शब्द लावीन. पक्षी आणि पीक हे शब्द हाताने लिहिण्याची गरज नसते, कारण शब्दांची उतरंड नीट रचलेली असेल तर ते आपोआप सोबत येतात.

ही उतरंड म्हणजे या कामाचा गाभा. लाइटरूम क्लासिक असो किंवा विनामूल्य मिळणारे डिजिकॅम असो, या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये एका शब्दाखाली दुसरा शब्द ठेवता येतो : सजीव, त्याखाली पक्षी, त्याखाली सारस. सारस लावला की फोटो बाहेर काढताना वरचे शब्दही त्याच्यासोबत जावेत, अशी सोय लाइटरूममध्ये प्रत्येक कीवर्डपाशी दिलेली आहे. मात्र खालचा शब्द हा दरवेळी, कोणत्याही अपवादाशिवाय, वरच्या शब्दाचा प्रकार असला पाहिजे. धान हा शब्द खरीपाखाली ठेवावा असे कोणालाही सहज वाटेल, परंतु आमच्या भागात उन्हाळी धानही मोठ्या प्रमाणात घेतले जाते, आणि मग एप्रिलमधील हिरव्यागार बांधीचा फोटो मुकाट्याने ‘खरीप’ होऊन बसतो. म्हणून पीक एका फांदीवर आणि हंगाम दुसऱ्या फांदीवर ठेवावा. माझ्याकडे सजीव, पीक, काम, हंगाम, प्रसंग आणि व्यक्ती अशा मोजक्याच मुख्य फांद्या आहेत, आणि नवा शब्द यांपैकी कोठेच बसत नसेल तर मी आधी त्या शब्दावरच शंका घेते.

गाव कीवर्डमध्ये लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. छायाचित्रांच्या माहितीसाठी आयपीटीसी या संस्थेने घालून दिलेल्या प्रमाण रचनेत ठिकाण, शहर, राज्य आणि देश यांचे स्वतंत्र रकाने आहेत आणि बहुतेक सॉफ्टवेअर ते ओळखतात. त्या रकान्यांत जिल्ह्याला मात्र जागा नाही, आणि आपल्याकडे तर फोटो मागणारा पहिल्यांदा जिल्हाच सांगतो. म्हणून जिल्हा तेवढा मी कीवर्डमध्ये ठेवते.

समानार्थी शब्दांचा प्रश्न विदर्भात काम करणाऱ्याला रोज पडतो. पूर्वेकडे धान म्हणतात ते पुण्याच्या संपादकासाठी भात असते. यवतमाळ-वर्ध्याकडे पऱ्हाटी म्हणतात ती इतरत्र कपाशी असते. दोन्ही शब्द वेगवेगळे कीवर्ड म्हणून ठेवले, तर काही फोटो एकाखाली आणि काही दुसऱ्याखाली जातात आणि पूर्ण संच कधीच एकत्र दिसत नाही. एक शब्द मुख्य ठरवावा आणि बाकीचे त्याच कीवर्डच्या समानार्थी शब्दांच्या रकान्यात लिहावेत. मी मुख्य शब्द गावात बोलला जाणारा ठेवते, कारण फोटोतल्या वस्तूचे नाव मला तेथेच कळलेले असते आणि तेथेच ते पडताळून पाहता येते. सारसाचे शास्त्रीय नाव पूर्वी ग्रस अँटिगोनी असे होते, आता ते अँटिगोनी अँटिगोनी असे लिहिले जाते. जुने संदर्भ घेऊन येणाऱ्या अभ्यासकासाठी दोन्ही नावे याच रकान्यात असावीत.

देवनागरीतून कीवर्ड लिहिणाऱ्याने दोन तांत्रिक गोष्टी सुरुवातीलाच समजून घ्याव्यात. ‘पऱ्हे’ या शब्दातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो : काही कीबोर्ड नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ आणि हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) वापरतात, तर काही साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ते दोन निराळे शब्द असतात. यादीत एकच शब्द दोनदा दिसू लागला तर कारण बहुधा हेच असते, आणि उपाय असा की शब्द दरवेळी नव्याने टाइप न करता यादीतूनच निवडावा. दुसरी गोष्ट लांबीची. आयपीटीसीच्या जुन्या रचनेत एका कीवर्डसाठी ६४ बाइटांची मर्यादा आहे, आणि यूटीएफ-८ या युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, अगदी काना आणि वेलांटीसुद्धा, ३ बाइट घेते. ‘धान रोवणी करणाऱ्या महिला’ हा साधा शब्दसमूह मधल्या जागा धरून ६६ बाइटांचा होतो, म्हणजे ती मर्यादा पाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे शेवटचे अक्षर तुटू शकते. ‘रोवणी’ आणि ‘शेतमजूर महिला’ असे दोन आटोपशीर कीवर्ड केले की ही अडचणही राहत नाही आणि शोधही सोपा होतो. डीटीपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कीवर्डच्या रकान्यात अजिबात चिकटवू नये.

यादीची बांधणी सॉफ्टवेअरच्या खिडकीत करण्यापेक्षा साध्या मजकूर फाइलमध्ये करावी, असे मी शिकणाऱ्यांना आवर्जून सांगते. लाइटरूममध्ये संपूर्ण कीवर्ड यादी अशा फाइलमध्ये बाहेर काढता येते आणि परत आतही घेता येते. तिच्यात प्रत्येक पायरीला एक टॅब असतो, समानार्थी शब्द महिरपी कंसात असतात आणि बाहेर जाऊ नयेत असे शब्द चौकटी कंसात असतात. फाइल यूटीएफ-८ मध्येच साठवावी. कागदावर छापून ही यादी एखाद्या जाणत्या शेतकऱ्याला किंवा पक्षीमित्राला दाखवली, तर सॉफ्टवेअर कधीही दाखवणार नाही अशा उणिवा ते सहज दाखवतात.

चौकटी कंसातील शब्दांचा उपयोग आमच्याकडे फार गंभीर आहे. महाराष्ट्रात सारस आता मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यातच उरले आहेत आणि ते पावसाळ्यात धानाच्या बांधीतही घरटे करतात. घरट्याचा फोटो संग्रहात असणे आवश्यक आहे, पण ते कोणाच्या बांधीत आहे ही माहिती फोटोबरोबर गावभर फिरणे त्या पक्ष्याच्या जिवावर बेतू शकते. त्यामुळे ‘घरटे’ आणि बांधीची खूण सांगणारे शब्द बाहेर न जाणारे म्हणून नोंदवावेत, आणि फोटो देताना ठिकाणाची माहिती काढून टाकण्याचा पर्यायही निवडावा. हे शिकणाऱ्याच्या मर्जीवर सोडण्यासारखे नाही. माझ्याकडे काम करणाऱ्याने हे पाळलेच पाहिजे.

कीवर्ड केवळ सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नोंदींत, राहिले, तर सॉफ्टवेअर बदलताना ते मागे राहतात. त्यामुळे ते फाइलमध्ये लिहिले जातील अशी सेटिंग पहिल्या दिवशीच करावी : जेपेगमध्ये ते फोटोच्या आत जातात, आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या) फोटोंसाठी शेजारी एक्सएमपी नावाची छोटी फाइल तयार होते. ही छोटी फाइल निरुपयोगी समजून पुसू नये, आणि फोटो हलवताना तीही सोबत हलवावी. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर ही सारी माहिती निघून जाते, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

स्टॉक संस्थांना, म्हणजे ग्राहकांना फोटो पुरवणाऱ्या संस्थांना, फोटो विकायचे असतील तर हिशेब निराळा आहे. अडोबी स्टॉक एका फोटोला ४९ आणि शटरस्टॉक ५० कीवर्ड घेते, आणि अडोबीकडे पहिल्या दहा शब्दांना अधिक वजन असते. ती यादी फोटो पाठवतेवेळी वेगळी करावी. स्वतःच्या संग्रहात ती मिसळू नये.

राहिली व्यक्तींची फांदी. तिच्यासाठी सर्वांत जास्त कष्ट पडतात, कारण चेहरा सॉफ्टवेअर ओळखू शकते, पण नाव कोणीतरी सांगावेच लागते. झाडीपट्टीचे नट डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामुळे त्यांचे नाव कोठेही तपासून घेता येते. मात्र त्यांच्यासारखीच आयुष्यभर झाडीपट्टीच्या मंचावर उभी राहिलेली कितीतरी माणसे अशी आहेत, की ज्यांचे नाव त्या रात्री नोंदवले नाही तर फोटो अनामिकच राहतो. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला की प्रयोग रात्रभर चालतात आणि सकाळी मंडळी पुढच्या गावाला निघून गेलेली असते. म्हणून नटांचीच नव्हे, तर पेटीवाल्याची, तबलजीची आणि पडदा ओढणाऱ्याचीही नावे, त्यांना ती जशी लिहिलेली हवी आहेत तशी, अंकांच्या मधल्या वेळातच वहीत लिहून घ्यावीत, शेजारी फोटोचा क्रमांक टाकावा, आणि घरी परतल्यावर झोपण्यापूर्वी ती कीवर्डमध्ये चढवावीत.