दुरुस्त होणारा, नीतीने बनवलेला फोन घेताय? किनाऱ्यावर या चुका टाळा

चार स्क्रू काढले की उघडतो, बॅटरी घरच्या घरी बदलता येते, आतलं सोनं आणि कोबाल्ट कुठून आलं याचा हिशेब कंपनी देते. असा फोन हवासा वाटणं योग्यच आहे. पण हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात तो घेताना होणाऱ्या चुका महागात पडतात.

हातातला फोन न तपासणं

फोनमुळे होणारं बहुतेक प्रदूषण तो बनतानाच होऊन गेलेलं असतं. चालता फोन टाकून नवा आणला, तर तो कितीही नीतीचा असला तरी फारसं साधत नाही. चार्जिंग होत नसेल तर आधी पोर्टमध्ये टॉर्चचा उजेड पाडून बघा. खिशातले धागे आणि जांभ्याची लाल धूळ ठासून बसलेली असते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद कोरा. तरीही केबल सैल बसली, तर फक्त पोर्ट बदलायचं काम असतं. चार्ज दुपारीच संपत असेल तर बॅटरी बदला. फोनची पाठ फुगली असेल तर मात्र चार्जिंगला लावू नका, दाबू नका, दुकानात न्या.

आयपी आकड्यावर विसंबणं

आयपी म्हणजे धूळ आणि पाण्यापासून फोन किती वाचतो याचा आकडा. असे दुरुस्त होणारे फोन बनवणाऱ्या फेअरफोन कंपनीच्या फेअरफोन ५ ला आयपी ५५ मानांकन आहे. म्हणजे पाण्याच्या हलक्या झोतापर्यंत ठीक, बुडण्यासाठी नाही. शिवाय ही चाचणी गोड्या पाण्याची. समुद्राचं पाणी सुकतं, मीठ आत राहतं. पावसाळ्यातल्या दमट हवेतून ते पुन्हा ओल ओढून घेतं, आणि तांब्याच्या जोडांवर हिरवट थर दिसू लागतो. म्हणून दोन दिवस नीट चाललेला फोन आठवड्याने बंद पडतो. तांदळाच्या डब्यात ठेवून मीठ निघत नाही, उलट पीठ पोर्टमध्ये जातं.

बॅटरी हाताने निघणाऱ्या फोनचा खरा फायदा इथे आहे. वीज वाहत राहिली की गंज झपाट्याने वाढतो, आणि चिकटवलेल्या फोनमध्ये ती तोडताच येत नाही. खारं पाणी गेलं तर लगेच बंद करा, झाकण आणि बॅटरी काढा, सुती कपड्याने टिपून घ्या. मऊ ब्रश ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून जोड आणि पोर्ट घासा, मग २४ तास पंख्याखाली ठेवा. उन्हात नको. मधेच चालू करून बघायची घाईही नको. झाकण लावताना कडेला वाळूचा एक कण राहिला तरी फट राहते. बोट फिरवून खात्री करा.

सुटा भाग मिळेलच असं धरणं

फेअरफोनच्या सहाव्या पिढीत १२ भाग बदलता येतात, पण कंपनी भारतात अधिकृतपणे विकत नाही. सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे, त्यामुळे परदेशातून ती मागवणं जिकिरीचं. २० जून २०२५ पासून लागू असलेला, फोनची विक्री थांबल्यावरही ७ वर्षं सुटे भाग द्यायला लावणारा नियम युरोपातला आहे. तो रत्नागिरीत उपयोगी पडत नाही. त्यामुळे कोणताही फोन घेण्याआधी जवळच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावा आणि तीनच गोष्टी विचारा: बॅटरी कितीला, डिस्प्ले कितीला, भाग किती दिवसांत येतो? 'मागवून देऊ' एवढंच उत्तर आलं, तर घरी उघडता येण्याचा उपयोग अर्धा झाला.

'नीती' या शब्दावर थांबणं

कंपनीच्या अहवालात खनिजांची नावं बघा. जगातलं बहुतेक कोबाल्ट काँगोतून येतं. त्याबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर प्रश्न शिल्लक आहे. कारखान्यातल्या कामगारांना जास्तीचे पैसे मिळतात का, हेही शोधा.

नेटवर्क न बघता परदेशी फोन आणणं

जिओचं २जी, ३जी नाही, त्यामुळे फोनवर जिओचं व्होएलटीई, म्हणजे ४जीवरून कॉल करायची सोय, चालत नसेल तर साधा कॉल लागत नाही. बीएसएनएलच्या ४जीसाठी ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी पकडणारा, म्हणजे बँड २८ असलेला फोन बरा. जुना फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा, आणि इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून, तो आकडा १४४२२ वर एसएमएसने पाठवा. उत्तरात आलेलं मॉडेल हातातल्या फोनशी जुळलं नाही तर पैसे देऊ नका.