देवघेवीच्या टेबलाशी अवघड मागणी आली तर

तालुक्याच्या वाचनालयात नव्यानं लागलेल्या ग्रंथपालाला वर्गीकरण येतं, दाखल रजिस्टर, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदवही, लिहिता येतं, अनुदानाचे कागद कसे पाठवायचे तेही कोणीतरी दाखवतं. पण देवघेवीच्या टेबलावर वाकून एखादा माणूस हळू आवाजात काहीतरी मागतो, तेव्हा काय करायचं हे कोणी शिकवत नाही. मी ब वर्गाच्या (सरकारी अनुदानासाठी वाचनालयांचे अ ते ड वर्ग असतात) वाचनालयात बसते. गाव लहान, निम्मे सभासद एकमेकांचे नातेवाईक. त्या हिशेबानंच पुढचं वाचा. मोठ्या शहरातल्या कॉलेजच्या लायब्ररीत रीत वेगळी असेल.

पहिलं काम म्हणजे प्रसंग येण्याआधी कार्यकारिणीच्या सभेत ठराव करून घ्या. माणूस समोर उभा असताना नियम सांगितला की तो आपल्यासाठीच काढलाय असं त्याला वाटतं. ठरावाची तारीख दाखवली की त्याचं भांडण कार्यकारिणीशी होतं आणि तुम्ही पुढच्या वाचकाचं पुस्तक नोंदवायला मोकळ्या. खाली जिथे जिथे मी ‘ठराव’ म्हणते, तिथे इतिवृत्तात सह्या झालेला ठराव धरा. कार्यवाहांनी चहा पिता पिता ‘हो हो, करा’ म्हटलं तर तो ठराव नव्हे.

कोण काय वाचतं

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि सरळ कधीच येत नाही. ‘बाई, आमच्या हिचं पुस्तक मीच परत करतो, काय नेलंय तिनं?’ असा येतो. हिनं नेलेलं असतं घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक. उत्तर तोंडपाठ हवं. मी म्हणते, ‘काका, पुस्तक घेऊन या, लगेच जमा करते. नाव मात्र ज्याचं खातं त्यालाच सांगायचं, असा ठराव आहे.’ आणि पाककृतीच्या पुस्तकालाही हेच उत्तर द्यायचं. एरवी भराभर नावं सांगून एखाद्याच पुस्तकाला गप्प बसलात, तर त्या गप्प बसण्यातूनच काका काय ते समजतात.

तुम्ही तोंड बंद ठेवलं तरी टेबलावरची वही बोलते. आमच्याकडे जुन्या पद्धतीत पुस्तकाच्या मागच्या खिशात कार्ड असायचं आणि त्यावर आधीच्या वाचकांची नावं एकाखाली एक. पुस्तक हातात घेणारा प्रत्येक जण आधी ती वाचायचा, मग प्रस्तावना. अशी कार्डं असतील तर नावाऐवजी सभासद क्रमांक लिहायला लागा. देवघेवीची वही तुमच्या बाजूला तोंड करून ठेवा आणि कालचं पान उघडं टाकू नका. राखून ठेवलेलं पुस्तक आलं की फोन करताना ‘तुमचं पुस्तक आलंय’ एवढंच बोला, कारण फोन सासूबाई उचलतात. थकबाकीची यादी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायची चाल अलीकडे फार बोकाळलीय. नाव, पुस्तक, किती दिवस झाले, सगळं गावासमोर. ती बंद करा. ज्याची थकबाकी त्याला एकट्याला निरोप पाठवा. संगणकावर नोंदी असतील तर पुस्तक जमा झाल्यावर जुना इतिहास किती दिवस ठेवायचा, तेही ठरावात घाला.

सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. कोणी फारच हुज्जत घातली तर मी ही दोन सालं सांगते. साल सांगितलं की गावातला माणूस जरा थबकतो.

मुलांचं वेगळं. बालविभागाच्या अर्जावर पालकाची सही असते, तेव्हा नऊ वर्षांच्या मुलाची आई विचारते ते सांगायला हरकत नाही. अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या एकवीस वर्षांच्या मुलीचे वडील विचारतात, त्यांना काकांचंच उत्तर. अडतं ते मधल्या वयाला, पंधरा-सोळाच्या. तिथे मी आईला म्हणते, ‘ताई, तिलाच विचारा की, सांगेल ती,’ आणि विषय बदलते. हे नियमात बसवायचा प्रयत्न मी सोडून दिलाय.

पोलीस आले तर घाबरू नका, आणि ओळखीचे हवालदार आहेत म्हणून वहीही पुढे सरकवू नका. लेखी मागणी मागा. कागदपत्र हजर करायला सांगण्याचा अधिकार त्यांना आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 91 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 94. पत्र घ्या, आवक नोंदवा, कार्यवाहांना दाखवा आणि जेवढं मागितलंय तेवढंच द्या. एका माणसाची नोंद मागितली असेल तर अख्खी वही देऊ नका.

‘हे पुस्तक काढून टाका’

5 जानेवारी 2004 रोजी पुण्यात एका पुस्तकाच्या वादातून भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या ग्रंथपालांच्या पोटात या वाक्यानं गोळा येतो. म्हणून आधी एवढं पक्कं करा की तक्रार म्हणजे बंदी नव्हे. प्रकाशन सरकारजमा करायचा अधिकार राज्य सरकारचा, तोही अधिसूचना काढून; पूर्वी कलम 95, आता नव्या संहितेत 98. अधिसूचना नसेल तर पुस्तक कपाटात राहतं.

तक्रारदाराला कोरा कागद द्या आणि तीन गोष्टी लिहून मागा: पुस्तक पूर्ण वाचलंय का, आक्षेप कोणत्या पानावर, आणि वाचनालयानं नेमकं काय करावं. पहिल्याच प्रश्नावर बरेच जण ‘उद्या येतो’ म्हणून जातात. जे लिहून देतात त्यांचा अर्ज मनापासून वाचा, कारण कधी कधी त्यांचं बरोबर असतं. बालविभागात मोठ्यांचं पुस्तक चुकून लागलेलं असतं, ते फक्त जागेवर न्यायचं. बाकी निर्णय कार्यकारिणीचा, आणि तोवर पुस्तक जागेवर. ते गुपचूप स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकणं हा मला सगळ्यात वाईट मार्ग वाटतो. तक्रार नाही, ठराव नाही, आणि वाचक विचारतो तेव्हा ‘बाहेर गेलंय’ असं खोटं बोलावं लागतं.

रात्री बंद करायच्या वेळेला दहा-पंधरा जण घोळक्यानं आले तर मात्र शौर्य दाखवू नका. अध्यक्षांना फोन लावा, लागलंच तर पोलिसांना, आणि अर्ज घेऊन पोच द्या. तुमचा पगार किती आहे ते आठवा.

दिवाळी अंक

आता खरी परीक्षा. 1909 साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा वाचनालयांच्या गळ्यात हे काय बांधतोय याची त्यांना कल्पना नसणार. अंकांचे गठ्ठे येतात, वेगळी वर्गणी भरलेले सभासद रांगेत उभे असतात आणि त्याच वेळी अध्यक्षांकडून माणूस पिशवी घेऊन येतो. ‘बाई, साहेबांनी सांगितलंय, चार चांगले बघून द्या.’ चार चांगले म्हणजे ज्यांच्यासाठी सगळं गाव थांबलंय तेच. ते जातात आणि नाताळात परत येतात, आतला भविष्याचा भाग कापलेला.

यावर उपाय एकच, आणि तो सप्टेंबरमध्येच करायचा. ठराव मांडा की दिवाळी अंकांची वर्गणी भरणाऱ्यांचे क्रमांक सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून काढायचे, त्यात पदाधिकारीही. एका वेळी एक अंक, मुदत तीन दिवस. सप्टेंबरमध्ये कोणालाच चार चांगले अंक डोळ्यांपुढे दिसत नसतात, त्यामुळे सगळे न्यायप्रिय असतात आणि सही करतात. मग यादी देवघेवीच्या खिडकीवर लावा. पिशवी आली की म्हणायचं, ‘साहेबांचा सतरावा नंबर आहे, आला की मी स्वतः पाठवते.’ आणि पाठवायचाही, त्याच दिवशी. नियम पाळून घ्यायचे तर त्यांचा हक्क वेळेवर त्यांच्या घरी पोचला पाहिजे.

एक सवलत मी ठेवते. घराबाहेर पडू न शकणारे आजी-आजोबा असतात, त्यांना तीनऐवजी आठ दिवस. तीही ठरावातच लिहून घेतलीय, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या गावाचे गुडघे दुखायला लागतात.

झेरॉक्स आणि पीडीएफ

‘मॅडम, पुस्तक महाग आहे, सगळंच झेरॉक्स करून द्या ना.’ मागणारा मुलगा खरोखर गरजू असतो. तरी सबंध पुस्तक नाही. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क वारसांकडे असतात. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांचं लेखन 2011 पासून मोकळं आहे, पु. ल. 2000 मध्ये गेले, म्हणजे 2060 संपेपर्यंत थांबायचं. भारतात विकत मिळतच नाही अशा पुस्तकाच्या, वाचनालयाच्या वापरासाठी, तीनपर्यंत प्रती काढायची मुभा 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक वाचनालयाला आहे; दुर्मिळ, जीर्ण पुस्तकांसाठी ती जरूर वापरा. त्या मुलासाठी मी दुसरी प्रत खरेदीच्या यादीत घालते आणि एक प्रत अभ्यासिकेतच वाचायची म्हणून ठेवते. ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफ वाचनालयाच्या नावानं पुढे पाठवू नका, एवढं पुरे.

दंड, भेटी, दान

दंड माफ करायला हरकत नाही, पण रजिस्टरात कारण आणि सही हवी. ओळखीच्याला माफ आणि आदिवासी पाड्यावरून येणाऱ्या मुलाला दहा रुपये, हे वही उलटून बघितली की दिसतं. म्हणून वर्षातून एकदा स्वतःच बघा. विक्रेत्यानं दिवाळीला मिठाई आणली तर डबा टेबलावर उघडा, सगळे वाचक खातील. ‘बिल थोडं वाढवून करू का’ असं विचारलं, तर पुढच्या वर्षीचं दरपत्रक त्याच्याकडून मागवू नका.

आजोबा गेल्यावर घरचे लोक त्यांची पुस्तकं पोत्यात भरून आणतात. सगळी घेतली तर जागा नाही, नाकारली तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. पावती देण्याआधी एका ओळीचं संमतिपत्र घ्या: निवडक पुस्तकं दाखल होतील, बाकीची वाचनालय योग्य वाटेल तशी देईल. जे ठेवायचं नाही ते दाखल रजिस्टरात चढवूच नका, कारण एकदा चढलं की निर्लेखनाशिवाय, म्हणजे रजिस्टरातून रीतसर कमी केल्याशिवाय, सुटका नाही, आणि कमिटी बसवून मंजुरी येईपर्यंत वाळवी थांबत नाही. दाखल करण्याआधी प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटका. आंतरदेशीय पत्रं, फोटो, क्वचित नोटाही पडतात. त्या पाकिटात घालून, पावतीवर लिहून, घरच्यांना परत. पत्रं वाचू नका. मी पत्ता बघण्यापुरती घडी उघडते.