भूखंडाचं कवच कसं घडलं : अभ्यास करताना या चुका टाळा

नांदेड, लातूर, परभणीच्या अभ्यासिकांमधून भूगोलाच्या ज्या नोट्स फिरतात, त्यांत हे प्रकरण बहुतेक वेळा एका ओळीत उरकलेलं असतं : पृथ्वी थंड झाली, कवच तयार झालं, त्याचे खंड झाले. चुकांची सुरुवात इथेच होते.

काळा दगड म्हणजेच पाया

विहीर खणा, बोअर मारा, नाहीतर वेरूळला जा, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बेसाल्टच, म्हणजे लाव्हा गोठून झालेला काळा दगडच लागतो. त्यामुळे हाच भूखंडाचा मूळ खडक, असं मनात पक्कं बसतं. पण दख्खनचा हा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि पृथ्वीचं वय आहे ४५४ कोटी. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी ६१७ मीटर खोल बोअर घेतलं गेलं. सुमारे ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला, मध्ये आठेक मीटर गाळाचे थर लागले आणि त्याखाली आर्कियन काळातला, म्हणजे २५० कोटी वर्षांहून जुना पायाचा खडक. या भागात कवचाची जाडी पस्तीस-चाळीस किलोमीटर धरली, तर काळ्या दगडाचा वाटा एका टक्क्याच्या आसपासच येतो. भूखंड कसा घडला, हे उरलेल्या नव्व्याण्णव टक्क्यांना विचारायला हवं.

‘दुधावर साय धरते तसं कवच धरलं’

वर्गात हे उदाहरण फार चालतं आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. अगदी पहिल्या, बेसाल्टसारख्या कवचापुरतं ते ठीक आहे. भूखंडाचं कवच असं नुसतं निवून होत नाही; त्यासाठी खडक पुन्हा वितळावा लागतो, आणि तोही अर्धवट.

प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड खडकाळ थर, थोडंसं वितळलं की त्यातून बेसाल्टचा रस निघतो. त्यात सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, ५० टक्क्यांच्या आसपास असते. या बेसाल्टमध्ये पाणी मुरलं, तो खोल गाडला गेला आणि तापला की त्यातला थोडाच भाग वितळतो. पाण्यामुळे वितळणंही कमी तापमानाला सुरू होतं. सिलिका आणि सोडियम रसात उतरतात, गार्नेटसारखी जड खनिजं खालीच राहतात. वर चढून गोठलेला रस म्हणजे टोनालाइट, ट्रॉन्डजेमाइट, ग्रॅनोडायोराइट हे करडे खडक. भूवैज्ञानिक त्यांना एकत्र ‘टीटीजी’ म्हणतात. त्यांत सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास जाते. बेसाल्ट सगळाच्या सगळा वितळला असता, तर गोठून पुन्हा बेसाल्टच मिळाला असता.

हे खोलवर घडलं याचा पुरावाही खडकातच आहे. बऱ्याच टीटीजी खडकांत यटर्बियम हे मूलद्रव्य फार कमी सापडतं, कारण ते खाली उरलेल्या गार्नेटने धरून ठेवलेलं असतं. हे खडक बेसाल्टपेक्षा हलके असल्यामुळे प्रावरणात सहजासहजी बुडत नाहीत. भूखंड टिकले ते यामुळे.

ग्रॅनाइट दिसला की आद्य कवच

देगलूर-बिलोलीकडे बेसाल्ट संपतो आणि ग्रॅनाइट उघडा पडतो. तिथला गुलाबी तुकडा भिंगाखाली धरा : गुलाबी फेल्डस्पार, काचेसारखा क्वार्ट्झ, मध्येमध्ये काळ्या अभ्रकाच्या चकत्या. तो गुलाबी फेल्डस्पार पोटॅशियमचा असतो. टीटीजीमध्ये सोडियमचा, पांढरट-करडा फेल्डस्पार जास्त. पोटॅशियमने भरलेले असे ग्रॅनाइट बहुतांशी आधीचंच भूखंडी कवच पुन्हा वितळून होतात, म्हणजे ही आणखी पुढची पायरी. खडक जुना आहे, पण पहिला नाही.

वयांची गल्लत

आधी एककं सांभाळा : १ अब्ज म्हणजे १०० कोटी. मग खनिजाचं वय आणि खडकाचं वय वेगळं ठेवा. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचा सर्वांत जुना झिरकॉन (हे एक टिकाऊ खनिज) सुमारे ४४० कोटी वर्षांचा आहे, पण तो ज्या गाळखडकात सापडला तो त्याहून शंभर कोटींहून जास्त वर्षांनी तरुण. कॅनडातला अकास्टा नाइस हा सुमारे ४०३ कोटी वर्षांचा खडक.

जे उरलं, तेवढंच बनलं

जगभरच्या झिरकॉनची वयं आलेखावर मांडली की २७० आणि १९० कोटींच्या आसपास उंचवटे दिसतात. ‘तेव्हा भूखंड झपाट्याने वाढले’ असं लगेच लिहू नका. भूखंड एकत्र येताना त्या काळातले खडक जास्त टिकून राहिले असतील, म्हणूनही उंचवटे दिसू शकतात. त्यातही झिरकॉन तयार झाला ते वय एक आणि त्यातलं द्रव्य प्रावरणातून पहिल्यांदा वेगळं झालं ते वय दुसरं. हे दुसरं वय झिरकॉनमधल्या हाफ्नियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांवरून काढतात. असा हिशेब करणाऱ्या बऱ्याच अभ्यासांत आजच्या कवचाच्या निम्म्याहून जास्त कवच ३०० कोटी वर्षांपूर्वीच तयार झालेलं दिसतं, आणि त्यातलं बरंचसं झिजून किंवा पुन्हा प्रावरणात जाऊन नाहीसं झालं. म्हणून उत्तरात ‘बनलेलं’ आणि ‘टिकलेलं’ कवच वेगवेगळं लिहा.